रेषेची साधना

प्रस्तावना

छत्तीसगढमधील भिलाई हे शहर पोलादासाठी ओळखले जाते. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रेल्वेच्या रुळांसाठी हा कारखाना देशभर प्रसिद्ध आहे. रूळ असो, पूल असो वा यंत्राचा एखादा लहानसा भाग असो, लोखंडात उतरण्यापूर्वी तो कागदावर रेषेच्या रूपाने उतरावा लागतो. संगणक येण्यापूर्वी अशा कारखान्यांतील ड्राफ्ट्समन तिरप्या फळ्यावर कागद ताणून बसवीत आणि टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास व शाईचे पेन घेऊन आराखडे काढीत. त्यांची रेषा कामाची असे. ती लांबी सांगे, जाडी सांगे, कोन सांगे. रेषा चुकली, तर वस्तू चुकत असे.

अशीच साधने आणि अशीच काळी शाई घेऊन एका भारतीय चित्रकर्तीने जवळजवळ वीस वर्षे पांढऱ्या कागदावर रेषा काढल्या. त्या रेषांवरून कोणतेही यंत्र तयार होणार नव्हते की कोणतीही इमारत उभी राहणार नव्हती. मग त्या रेषांचे प्रयोजन काय होते? त्या काढण्यासाठी एखाद्या व्यक्तीने आपले आयुष्य का वेचावे? नसरीन मोहम्मदी या चित्रकर्तीचा परिचय करून देणाऱ्या या पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• अमूर्त चित्रकला म्हणजे काय, हे उदाहरणाने सांगता येईल;
• नसरीन मोहम्मदी यांच्या जीवनातील व कलेतील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत काम करण्यामागील त्यांची दृष्टी स्पष्ट करता येईल;
• ‘अ’, ‘अन्’, ‘निर्’ या उपसर्गांनी तयार होणारे शब्द ओळखता व वापरता येतील.

मूळ पाठ

(१)

चित्र समोर आले की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, “हे कशाचे चित्र आहे?” झाड, घर, माणूस, देव असे काही ओळखता आले की पाहणाऱ्याला समाधान वाटते. ओळखता आले नाही, तर तो संकोचतो. ‘आपल्याला चित्रातले कळत नाही’ असे म्हणून तो पुढे जातो.

वास्तविक ज्यात काहीही ओळखायचे नसते अशा कितीतरी सुंदर गोष्टी आपल्या रोजच्या परिचयाच्या असतात. गायक राग मांडताना प्रथम आलाप घेतो. आलापात अर्थपूर्ण शब्द नसतात. तरीही ऐकणारा ‘याचा अर्थ काय?’ असे विचारीत नाही. लुगड्याच्या काठावरील चौकड्या कशाचे चित्र आहेत, हे कोणी विचारीत नाही. सकाळी अंगणात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीतही अनेकदा फूल नसते, पान नसते. केवळ ठिपके आणि त्यांना वळसे घालून जाणाऱ्या रेषा असतात. तरी त्या रांगोळीने दार प्रसन्न दिसते. ज्या चित्रात ओळखीच्या वस्तूंचे आकार नसतात आणि रंग, रेषा, छाया व अवकाश यांच्या रचनेतूनच अनुभव दिला जातो, त्या चित्राला ‘अमूर्त चित्र’ म्हणतात.

आधुनिक भारतीय अमूर्त चित्रकलेत महाराष्ट्राशी नाते असलेल्या कलावंतांचा वाटा मोठा आहे. १९२४ साली नागपूर येथे जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे त्यांतील एक अग्रगण्य नाव होय. नसरीन मोहम्मदी या त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान होत्या. गायतोंडे यांचे मार्गदर्शन व स्नेह नसरीन यांना लाभला. परंतु पुढे त्यांनी स्वतःची निराळी वाट शोधली. गायतोंडे रंगांच्या थरांतून प्रकाश शोधीत राहिले. नसरीन यांनी रंगच बाजूला ठेवला.

(२)

नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७ साली कराची येथे झाला. १९४४ मध्ये त्यांचे कुटुंब मुंबईत आले. वडिलांचा बहरीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यवसाय होता. त्यामुळे आखाती देशातील वाळवंट आणि मुंबईचा समुद्र ही दोन्ही दृश्ये त्यांच्या परिचयाची झाली. वाळवंट काय किंवा समुद्र काय, दोन्ही ठिकाणी दृष्टीला अडविणारे फारसे काही नसते. दूरवर एक आडवी रेषा दिसते. वर आकाश आणि खाली वाळू किंवा पाणी. या मोकळ्या अवकाशाची ओढ त्यांच्या मनात अखेरपर्यंत टिकून राहिली.

१९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले. मुंबईला परतल्यावर त्या भुलाभाई देसाई यांच्या नावाने चालणाऱ्या कलासंस्थेत काम करू लागल्या. त्या काळी ही संस्था म्हणजे मुंबईतील कलावंतांचे एक मोठे कुटुंबच होते. चित्रकार, नाटककार, नर्तक आणि वादक तेथे शेजारी शेजारी काम करीत. गायतोंडे, हुसेन यांसारख्या चित्रकारांचा सहवास नसरीन यांना तेथेच मिळाला. १९६१ ते १९६३ या काळात त्या पॅरिसमध्ये शिकल्या. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विभागात त्या शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत त्यांनी अध्यापन केले.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत निसर्ग दिसतो. झाडाच्या फांद्या, पाने, माती, पाणी यांची सूचना देणारे आकार त्या शाईच्या व जलरंगांच्या पातळ थरांनी रंगवीत. हळूहळू फांदीचे फांदीपण मावळत गेले आणि तिची दिशा तेवढी उरली. रंग फिके होत गेले. १९७०च्या सुमारास त्यांच्या कागदावर तीनच गोष्टी राहिल्या – पेन्सिल, काळी शाई आणि कागदाचा पांढरेपणा.

(३)

नसरीन यांच्या या काळातील चित्रांचा पाया चौकटींची जाळी हा आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या स्त्रीला ही गोष्ट चटकन उमजेल. रांगोळीत आधी ठिपके मोजून मांडले जातात. ते कडक शिस्तीत असतात. म्हणूनच त्यांच्यामधून फिरणारी रेषा मोकळेपणाने वळू शकते. नसरीन यांनी आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी अशीच शिस्त म्हणून स्वीकारली. काही वेळा त्या आलेख-कागदाचाही उपयोग करीत.

परंतु ही जाळी खिडकीच्या गजांसारखी निश्चल राहत नाही. रेषा जवळ जवळ आल्या की तो भाग गडद दिसू लागतो. त्या विरळ झाल्या की तेथे उजेड पसरल्यासारखा वाटतो. शाईची रेषा जवळ येते, तर पेन्सिलीची करडी रेषा दूर सरते. जाड रेषेपाठोपाठ क्रमाने बारीक होत जाणाऱ्या रेषा काढल्या, की सपाट कागदाला खोली प्राप्त होते. सरळ जाणाऱ्या रुळांकडे पाहताना ते दूरवर जवळ येत जातात, असे आपल्याला वाटते. तसाच भास येथे केवळ रेषांमधील अंतर बदलून निर्माण केलेला असतो. पांढरा रंग या चित्रांत लावलेला नसतो. तो कागदाचाच असतो. रेषा जेथे थांबतात, तेथे तो प्रकाश होऊन बोलू लागतो.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या चित्रांत तिरप्या रेषा आल्या. चौकटींचा आधार हळूहळू सुटत गेला. १९८०नंतरच्या अनेक चित्रांत मोठ्या कोऱ्या कागदावर काही मोजक्याच तिरप्या रेषा, एखादा कोन किंवा एखादी कमान अधांतरी तरंगताना दिसते. त्या रेषांना खाली जमीन नसते आणि वर छत नसते. तरी त्या पडतील असे वाटत नाही. त्यांचा तोल त्यांच्या परस्परांतील अंतरांवर सांभाळलेला असतो.

(४)

ही चित्रे आकाराने लहान आहेत. टेबलावर सहज मावतील एवढ्या कागदांवर ती काढलेली आहेत. ड्राफ्ट्समनप्रमाणेच नसरीनही रेखन-फळा, गुण्या आणि शाईचे पेन वापरीत. अशा कामात घाई चालत नाही. शाईची रेषा एकदा ओढली की पुसता येत नाही. हात थबकला तर तेथे शाई साचते, श्वास चुकला तर रेषा हलते. एकेका कागदावर अशा कितीतरी रेषा काढायच्या आणि प्रत्येक रेषा पहिल्या रेषेइतक्याच लक्षपूर्वक काढायची, हे काम तंबोऱ्यावर एकच षड्ज तासन्‌तास घोटणाऱ्या गायकाच्या रियाजासारखे आहे. नसरीन यांना भारतीय अभिजात संगीताची गोडी होती. झेन विचार, सूफी परंपरा आणि इस्लामी वास्तुकलेतील भूमिती यांचेही त्यांना आकर्षण होते. या सर्वांत एक समान धागा आहे. अनावश्यक ते दूर सारावे, म्हणजे आवश्यक ते दिसू लागते, असे ही सर्व परंपरा मानतात.

त्यांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावे दिली नाहीत आणि त्यांवर तारखाही घातल्या नाहीत. नाव दिले की पाहणारा चित्राऐवजी नावाकडे पाहू लागतो. ‘समुद्र’ असे लिहिले, तर तो रेषांमध्ये लाटाच शोधत राहील. नाव नसल्यामुळे त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबावे लागते.

आपल्या या मार्गावर त्या जवळजवळ एकाकी होत्या. ज्या बडोद्यात त्या शिकवीत होत्या, तेथील अनेक नामवंत चित्रकार त्या काळी माणसांच्या, रस्त्यांच्या, घरांच्या कथा सांगणारी रंगीत चित्रे काढीत होते. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर ही त्यांतील दोन ठळक नावे. कथनपर चित्रांचा असा बहर आजूबाजूला असताना नसरीन यांनी एकही गोष्ट न सांगणारी चित्रे काढली. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही; आपली वाटही बदलली नाही.

(५)

नसरीन छायाचित्रेही काढीत. तीही कृष्णधवल होती. रस्त्यावर रंगविलेले पट्टे, मागावर ताणलेले ताण्याचे धागे, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटलेल्या खुणा, फत्तेपूर सिक्रीची दगडी फरसबंदी, भिंतीवर पडलेली सावली असे त्यांचे विषय असत. ही छायाचित्रे त्यांनी आपल्या हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. आज ती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या रेषा हवेतून आलेल्या नव्हत्या. मागाचा ताणा, रस्ता, किनारा, सावली या रोजच्या जगातूनच त्या वेचलेल्या होत्या. वस्तू गळून पडली आणि तिच्यातील लय तेवढी कागदावर आली. अमूर्त चित्र जगाकडे पाठ फिरविते, असा एक समज आहे. नसरीन यांच्या छायाचित्रांनी त्याला उत्तर दिले आहे.

त्या नियमितपणे रोजनिशी लिहीत. तिच्यातही त्यांचा हात मधूनच शब्द सोडून रेषेकडे वळे. पानांवरील ओळी शाईच्या काळ्या पट्ट्यांनी झाकल्या जात आणि लिहिलेले पान चित्रासारखे दिसू लागे.

या साऱ्या साधनेवर एक मोठे संकट आले. नसरीन यांना मज्जासंस्थेचा असाध्य विकार जडला. या विकारात शरीराच्या हालचालींवरील ताबा क्रमाक्रमाने सुटत जातो. चालणे अवघड होते, हात थरथरतात. ज्या कलेत केसभर चूकही लपत नाही, त्या कलेच्या उपासिकेवर हा प्रसंग यावा, याहून कठोर परीक्षा कोणती? त्या ढोबळ आकारांकडे वळल्या असत्या किंवा काम थांबविले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. परंतु त्यांनी रेषा सोडली नाही. शरीर साथ सोडीत असतानाच्या काळातील त्यांची चित्रे अधिक विरळ आहेत, अधिक मोकळी आहेत; मात्र त्यांतील रेषा पूर्वीइतक्याच नेमक्या आहेत. पाहणाऱ्याला त्या रेषेमागील यातना दिसत नाहीत. आपले दुःख चित्रावर ओझे म्हणून टाकायचे नाही, हा त्यांचा संयम होता.

मे १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम येथे, समुद्रकाठी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ वर्षांच्या आसपास होते. हयातीत त्यांचे नाव कलावंतांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मर्यादित वर्तुळातच माहीत होते. पुढे मात्र जगाने त्यांची दखल घेतली. २००७ साली जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रतिष्ठित प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश झाला. २०१३ मध्ये दिल्लीत, २०१५ मध्ये माद्रिद येथे त्यांच्या समग्र कार्याची मोठी प्रदर्शने झाली. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा सुरू केली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांच्या चित्रांचे होते. नाव नसलेल्या, तारीख नसलेल्या, टेबलावर मावणाऱ्या त्या कागदांसमोर दूरदेशीचे लोक शांतपणे उभे राहिले.

कारखान्यातील ड्राफ्ट्समनची रेषा वस्तूला जन्म देते आणि आपले काम संपवून बाजूला होते. नसरीन यांची रेषा कोणत्याही वस्तूसाठी थांबलेली नाही. ती पाहणाऱ्याकडून थोडा वेळ आणि थोडे लक्ष एवढेच मागते. जो हे देतो, त्याला दोन रेषांमधील पांढऱ्या जागेतही पाहण्यासारखे पुष्कळ सापडते.

शब्दार्थ

अमूर्त – ज्याला ठरावीक, ओळखता येणारा आकार नाही असे
झोतभट्टी – खनिजापासून लोखंड वितळवून वेगळे करणारी उंच भट्टी
गुण्या – काटकोन व इतर कोन आखण्याचे त्रिकोणी साधन
आलेख-कागद – लहान चौकटी छापलेला कागद
अवकाश – मोकळी जागा, पोकळी
अधांतरी – आधाराशिवाय मध्येच असलेले
ताणा – मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे
कृष्णधवल – काळ्या-पांढऱ्या रंगांतील
रोजनिशी – दैनंदिनी
मज्जासंस्था – मेंदू व शरीर यांच्यात संदेश नेणारी यंत्रणा

आपण समजून घेऊया

या पाठाचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात ‘अमूर्त’ ही संकल्पना परिचित उदाहरणांनी उलगडली आहे. आलाप, लुगड्याचा काठ आणि रांगोळी ही तिन्ही उदाहरणे घरातील व नित्याच्या जीवनातील आहेत. अपरिचित गोष्ट समजून घ्यायची असेल, तर परिचित गोष्टीपासून आरंभ करावा, हे येथे दिसते.

दुसऱ्या व तिसऱ्या भागांत नसरीन यांच्या कलेचा प्रवास येतो. या प्रवासात मिळविण्यापेक्षा सोडण्याला महत्त्व आहे. त्यांनी आधी वस्तूंचे आकार सोडले, मग रंग सोडला, शेवटी चौकटीचा आधारही कमी केला. प्रत्येक वेळी जे उरले, ते अधिक ठळक झाले. काळा आणि पांढरा या दोनच टोकांत काम केल्यामुळे रेषेची जाडी, तिची दिशा आणि दोन रेषांतील अंतर यांकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाते. भरपूर रंग असते, तर हे सूक्ष्म फरक त्यांत हरवून गेले असते. आपल्याकडील वारली चित्रांतही गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा तेवढ्या असतात. तेथे माणसे, झाडे, नाच असे ओळखीचे विषय असतात, हा मोठा फरक आहे. परंतु मोजक्या साधनांत काम करण्याचे बळ दोन्हीकडे आढळते.

चौथ्या व पाचव्या भागांत कलावंताचा स्वभाव प्रकट होतो. एकाकी वाट, अनाम चित्रे आणि असाध्य आजार या तीन गोष्टी लक्षात घेतल्या, म्हणजे पाठाच्या शीर्षकातील ‘साधना’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. साधना म्हणजे फळाची घाई न करता सातत्याने केलेले काम. नसरीन यांच्या बाबतीत त्या कामाची मोठी दखल त्यांच्या मृत्यूनंतरच घेतली गेली.

पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ओळखीच्या वस्तूंचे आकार नसलेल्या चित्राला ………… चित्र म्हणतात.
२. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म ………… येथे झाला.
३. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून ………… येथे अध्यापन करू लागल्या.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. नसरीन यांनी आपली छायाचित्रे हयातीत अनेक प्रदर्शनांत मांडली.
२. रेषा जवळ जवळ आल्या की चित्रातील तो भाग गडद दिसतो.
३. आजारपणाच्या काळात नसरीन यांनी चित्रे काढणे सोडून दिले.

भाषाभ्यास

पाठातील ‘अमूर्त’, ‘अनाम’, ‘असाध्य’, ‘अनावश्यक’, ‘निश्चल’ हे शब्द पाहा. मूळ शब्दाच्या आधी येऊन त्याच्या अर्थात बदल घडविणाऱ्या अक्षरांना ‘उपसर्ग’ म्हणतात. ‘अ’, ‘अन्’ आणि ‘निर्’ हे उपसर्ग अभाव किंवा नकार दाखवितात.

अ + मूर्त = अमूर्त; अ + साध्य = असाध्य
अन् + आवश्यक = अनावश्यक
निर् + आधार = निराधार; निर् + आकार = निराकार

मूळ शब्दाच्या आरंभी व्यंजन असेल तर सामान्यतः ‘अ’ लागतो आणि स्वर असेल तर ‘अन्’ लागतो. ‘अनाम’ या शब्दात ‘अ + नाम’ अशी रचना आहे, हे ध्यानात ठेवा. ‘निर्’ हा उपसर्ग काही शब्दांत ‘निस्’ किंवा ‘निश्’ असे रूप घेतो. जसे, निस्तेज, निश्चल.

कृती : पुढील शब्दांना योग्य उपसर्ग लावून विरुद्ध अर्थाचे शब्द तयार करा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा – शांत, उचित, दोष, पूर्ण.

तुम्ही काय शिकलात?

• अमूर्त चित्रात रंग, रेषा व अवकाश यांच्या रचनेतून अनुभव दिला जातो.
• नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांनी पेन्सिल, काळी शाई व पांढरा कागद एवढ्याच साधनांतून स्वतःची चित्रभाषा घडविली.
• त्यांच्या रेषांचे मूळ माग, रस्ता, समुद्रकिनारा, सावली अशा भोवतालच्या जगात होते.
• एकाकी वाट आणि दुर्धर आजार यांतही त्यांनी आपल्या कामातील नेमकेपणा ढळू दिला नाही.

पाठान्त प्रश्न

१. ड्राफ्ट्समनची रेषा आणि नसरीन यांची रेषा यांतील साम्य व भेद लिहा.
२. ठिपक्यांच्या रांगोळीच्या उदाहरणातून पाठात कोणती गोष्ट स्पष्ट केली आहे?
३. ‘नाव नसल्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबावे लागते’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. नसरीन यांच्या छायाचित्रांमुळे अमूर्त कलेविषयीचा कोणता समज दूर होतो?
५. तुमच्या कामात – शिवण, गवंडीकाम, सुतारकाम, विणकाम, स्वयंपाक वा अन्य कोणत्याही कामात – हात नेमका असावा लागतो, असा एखादा प्रसंग आठ ते दहा ओळींत लिहा.

उपक्रम : एका कोऱ्या कागदावर पट्टीच्या साहाय्याने वीस आडव्या रेषा काढा. पहिल्या दहा रेषांत समान अंतर ठेवा. पुढील दहा रेषांतील अंतर क्रमाने कमी करीत जा. कागद हातभर अंतरावर धरून पाहा. कोणता भाग गडद दिसतो? कोणता भाग दूर गेल्यासारखा वाटतो? तुमची निरीक्षणे वहीत नोंदवा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न (अ) १. अमूर्त २. नागपूर ३. बडोदा
(आ) १. चूक २. बरोबर ३. चूक
भाषाभ्यास – अशांत, अनुचित, निर्दोष, अपूर्ण